बाहेरचं फाटक

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज पेन धरता आलं. अक्षर चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे, पण माझंच आहे.

इथे मला एक पाटी दिली आहे. तिच्यावर चित्रं आहेत: पाण्याचा पेला, रडका चेहरा, पांघरूण, होय, नाही. बोट ठेवायचं आणि गप्प पडायचं. एवढ्याशा पाटीत माणूस मावतो का? मी व्हर्नाला, म्हणजे बायकोला, हवेत लिहून दाखवलं तेव्हा तिने खालच्या दुकानातून ही वही आणली. पाटी येता-जाता कुणीही वाचतं. ही उशीखाली राहील.

जे झालं ते मला इतरांकडून कळलं आहे. सप्टेंबरात फ्लू झाला, तो मी अंगावर काढला, छातीत उतरला. तोंडातून नळी घालून मला श्वासाच्या मशीनवर झोपवून ठेवलं. ती नळी निघण्याची चिन्हं दिसेनात, म्हणून गळ्याला पुढून भोक पाडून तिथे आखूड नळी बसवली. आता हवा हनुवटीखालून आत येते आणि तिथूनच परत फिरते. आवाजाची पेटी राहिली वर, कोरडी. ओठ हलतात, पण कुजबुजसुद्धा निघत नाही.

आणि माझा धंदा गुरांचे लिलाव पुकारायचा. गोठे झाडत होतो तिथपासून सुरुवात केली, आज तो लिलावखाना माझा आहे. सगळं या गळ्यावर उभं केलं. भोक पाडायला जागाही तीच सापडली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

मान हलवता येत नाही. छत दिसतं, काचेचं दार दिसतं आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ. मागे काय आहे देवाला ठाऊक. म्हणून कान लावून पडतो. कान माझे पहिल्यापासून तिखट. गर्दीत कोण कुणाशी काय कुजबुजतो हे कळल्याशिवाय गुरं विकता येत नाहीत.

डोक्यापाशी मॉनिटर आहे, तो ठोक्याठोक्याला टिकटिकतो. रक्तातला प्राणवायू कमी झाला की त्याच टिकटिकीचा सूर खाली उतरतो. मला आकडा दिसत नाही, पण सूर कळतो. मशीनची नळी निसटली तर एक भोंगा वाजतो, त्याला सगळे धावत येतात. मी खोकलो की दुसरा वाजतो, त्याला चालत येतात. औषधाची पिशवी संपली की तिसरा. त्याला कुणी येतच नाही, कंटाळून आपला आपण वाजत राहतो.

नर्सचं नाव कर्टिस. पलीकडच्या तालुक्यातला गडी, बापाची गुरं आहेत. त्याने मला ओळखलं. "कर्नल, तुम्ही आमचा लंगडा बैल असा विकलात, की घेणारा म्हणाला ही याची ऐट आहे." मी हसलो. हसलो की चालत येण्याचा भोंगा वाजतो.

श्वासाचं बघायला येते ती ग्वेन. समुद्राकडची बाई, आमच्याकडची रीत तिला कुठून माहीत असणार? तिने विचारलं, "कर्नल? कुठल्या लढाईत होतात?" मी पाटीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "गाईंच्या." कर्टिसने तिला सांगितलं की या भागात लिलाव पुकारणाऱ्या प्रत्येकालाच कर्नल म्हणतात. तिचा चेहरा जरा पडला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

जोलीन येऊन गेली. माझी एकुलती एक. लिलावखान्याच्या खिडकीत बसते, पावत्या फाडते, फोन घेते.

हिवाळ्याआधीचा वासरांचा मोठा लिलाव चोवीस तारखेला आहे. मी लिहिलं, "पुढे ढकल."

"वासरं ढकलता येत नाहीत बाबा. कुरणं संपलीत. आपण नाही विकली तर लोक नदीपलीकडच्या लिलावखान्यात नेतील, आणि एकदा गेले की गेले."

"रेला बोलाव."

"रे त्या दिवशी शुद्धीत असेल याची हमी तुम्ही घेता?"

रे पुकारतो बरा, पण पितो; त्याची हमी त्याची आईही घेत नाही. तेवढ्यात ती म्हणाली, "मी पुकारणार आहे."

मी "नाही" लिहिलं. त्याखाली रेघ ओढली. मग लिहिलं, "तू खिडकीतली."

"मिसूरीला लिलावाच्या शाळेत जाऊन आले आहे मी. दोन वर्षं झाली."

"कधी?"

"मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून गेले होते ना, तेव्हा. एवढे दिवस चालतं का कुठे लग्न?"

तेव्हाही मला वाटलं होतं की हिने केक कसा आणला नाही. व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती. तिला माहीत होतं, हे तिच्या मानेवरून कळलं.

पुकारणं शाळेत येत नाही. ते पोटातून यावं लागतं. दर पुढच्याच्या तोंडून आपण काढायचा आणि त्याला वाटलं पाहिजे की तो मागच्यावर चिडून बोलला. एका क्षणाचीही फट ठेवायची नाही, कारण फटीतून माणूस विचार करायला लागतो. हे सगळं पाटीवर कसं लिहू? "नाही"वर बोट ठेवलं. ती बोट ठेवलेलं बघत राहिली आणि म्हणाली, "आईने तुमच्यासाठी मोजे आणलेत."

सोमवार, १४ ऑक्टोबर

आज मी बोललो!

दिवसातला काही वेळ मला मशीनवरून काढतात. गळ्यापाशी दमट वाफेचा मुखवटा बांधतात आणि माझा श्वास मीच घेतो. आज ग्वेनने जांभळ्या रंगाची एक टोपी आणली, अंगठ्याच्या नखाएवढी. ती गळ्याच्या नळीवर बसते. तिच्यात पातळ पडदा आहे. आत श्वास घेताना उघडतो, बाहेर सोडताना मिटतो. मग हवेला नळीतून परत जाता येत नाही, ती वर आवाजाच्या पेटीतून निघते आणि माणूस बोलतो. काय डोकं चाललं असेल एखाद्याचं! आपल्या रिंगणाला अशी फाटकं हवीत.

तिने माझी मान सरळ केली, हनुवटीखाली काही खुडबुड केली, बारीक नळीने कफ ओढला. मी दोनदा असा खोकलो की डोळ्यांत पाणी आलं. मग टोपी एक पाव वळसा देऊन बसवली.

"काहीतरी बोला, कर्नल."

"हॅलो," मी म्हणालो. आवाज असा, जसं कुणी गोणपाट ओढत नेतंय. व्हर्ना तोंडावर हात ठेवून उभी राहिली. लगेच दम लागला, ग्वेनने टोपी काढली, परत खुडबुड, परत मशीन. टोपी झाकणाच्या डबीत गेली आणि डबी कपाटावर. माझं नाव तिच्यावर लिहिलंय.

पण आवाज आहे! आता माझं ऐका. लिलाव दहा दिवसांवर. मला तिथे जाता येणार नाही, पण फोन जातो. फोन मायक्रोफोनपाशी ठेवायचा, कोण बोट वर करतंय ते व्हर्नाने मला सांगायचं आणि मी इथून पुकारायचं. जोलीन हातोडा आपटायला असेलच.

बुधवार, १६ ऑक्टोबर

काल टोपी नाही, आजही नाही. ताप चढला, कफ वाढला. सकाळी कफाचा एक खडाच नळीत अडकला. सूर सरसर खाली उतरत गेला, भोंगा वाजला, सगळे आले. कर्टिसने मशीन सोडवून हाताने दाबायची पिशवी लावली, ग्वेनने आतली नळी ओढून बदलली. फक्त अस्तर बदललं, बाहेरची नळी जागच्या जागी. हवा आली. ग्वेन म्हणाली, "छान सहन केलंत." मी काय सहन करणार? उठून जायची सोय असती तर सहन केलं म्हणता आलं असतं.

टोपी कधी, असं लिहिलं. "छाती मोकळी झाली की." कधी होईल? "बघू." बघू हे खरेदीदारांचं बोलणं. बघू म्हणणाऱ्याने आजवर एक वासरू घेतलेलं नाही.

मला सराव हवा आहे, आणि सरावाची डबी माझ्या पायांच्या दिशेला, कपाटावर, नजरेसमोर आहे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, कारण मनातून जात नाही.

काल दुपारी मी वाफेच्या मुखवट्यावर होतो. शेजारच्या खोलीत धावपळ चालली होती आणि कर्टिस तिकडे गेला. मी व्हर्नाला डबी दाखवली. ती म्हणाली, "डेल, नको." मी हात जोडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हात कधी जोडले नव्हते. तिने डबी दिली.

मुखवटा बाजूला केला. टोपी बसवली, पाव वळसा, ग्वेनसारखी. श्वास घेतला. आला. सोडायला गेलो तर गेला नाही.

वाटलं, जोर कमी पडला. दुसरा घेतला, तोही आला आणि पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला. तिसरा अर्धाच मावला. लिलावाच्या दिवशी रिंगणाचं बाहेरचं फाटक अडकलं आणि मागून पोरं गुरं आत हाकतच राहिली तर काय होतं, ते मी एकदा पाहिलंय. गुरं एकमेकांवर चढतात, कठडे करकरतात. माझ्या छातीत तसं झालं. मी भरत चाललो होतो. बोटं टोपीशी नेली तर ती माझी बोटंच राहिली नव्हती. व्हर्ना म्हणत होती, "बोल ना डेल, बोल!" तिला वाटत होतं मी बोलायचा प्रयत्न करतोय. टिकटिक खाली, अजून खाली, मग फार हळू.

कर्टिस दारातून आला नाही, पडला. त्याने टोपी उपटून फेकली. माझ्यातून असा श्वास निघाला की उशीशेजारची पाटी खाली पडली, असं कर्टिस म्हणतो. त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

नंतर त्याने समजावलं. नळीला आतल्या टोकापाशी एक फुगा असतो. तो फुगलेला असला की श्वासनलिकेच्या भिंतीला चिकटून बसतो, आणि मशीनची हवा बाजूने निसटत नाही. टोपी लावण्याआधी त्यातली हवा पिचकारीने काढून घ्यावी लागते, म्हणजे श्वासाला वर जायला वाट राहते. हनुवटीखालची ती खुडबुड म्हणजे हेच होतं. मी छताकडे बघत होतो.

"हे भिंतीवर लिहिलंय, कर्नल. लाल अक्षरात. फुगा रिकामा केल्याशिवाय टोपी लावू नये."

कुठल्या भिंतीवर?

"तुमच्या डोक्यामागच्या."

रविवार, २० ऑक्टोबर

टोपी ग्वेनच्या खिशात गेली. चोवीस तारखेपर्यंत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं. म्हणजे संपलं.

व्हर्ना दोन दिवस आली नाही. पाठ धरली असेल, लिलावाच्या आधी नेहमीच धरते. कर्टिसला विचारलं तर तो म्हणाला, "येतात हो. खाली गाडीत बसून असतात. नुकतीच सिगारेट सोडलेल्या माणसासारख्या." मी लिहिलं, "वर का नाही?" तो औषधाची पिशवी बदलत राहिला. वाहनतळावर जागा मिळत नसेल तिला, तिरकी गाडी लावायला ती घाबरते.

दुपारी जोलीन. आली तीच फणफणत.

"तिला हात जोडलेत तुम्ही? आईला?"

मी "होय"वर बोट ठेवलं.

"ती रोज भिंतीवरची ती लाल पाटी वाचत होती. तिला वाटलं ते नर्सांसाठी आहे. आता ती झोपेत वाचते."

"माझी चूक" लिहिलं. जोलीनने ते बराच वेळ वाचलं. एवढं काय होतं वाचण्यासारखं? मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "गुरुवारी मी पुकारणार. मी विचारायला आले नाही."

मी पाटी पुसली. काही लिहिलं नाही. तिला वाटलं ते "होय" आहे. मी नुसता दमलो होतो.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

फोन उशीवर कानाशी. पलीकडचा फोन व्हर्नाने लिलावाच्या ओट्यावर ठेवला होता, जोलीनच्या कोपरापाशी. फाटकाची साखळी वाजली, आणि मला गुरांचा वास आला. फोनमधून वास येत नाही हे मला कळतं.

सुरुवात वाईट. पोरगी हळू पुकारते. शब्द सुटे सुटे, मेडिकल दुकानात औषध समजावून सांगावं तसे. मी पांघरुणावर बोटाने ताल धरला, चल, चल. कुणीतरी हसलं तर ती त्याच्याबरोबर हसली! लिलाव पुकारणारा हसत नसतो, हसवतो. पण गुरं चालली. एक कळप, दुसरा, तिसरा. दर बरे येत होते. चांगली गुरं असली की कुणालाही बरे दर येतात.

मग हृष्का म्हाताऱ्याचे काळे गोऱ्हे आले. ते दरवर्षी शेवटाला येतात, त्यांच्यावर सगळ्या लिलावाचा दर ठरतो आणि पुढच्या वर्षी कोण आपल्याकडे येणार हेही ठरतं. बोली चढली आणि अडकली. मला कळलं. कत्तलखान्यांचे चौघे खरेदीदार डावीकडे एकत्र बसलेत आणि आधी ठरवून आलेत. त्यांचा गप्पपणा मी ओळखतो. अशा वेळी मी तोंड थांबू देत नाही. हृष्काच्या बायकोची चौकशी करतो, कुणाच्या टोपीवर बोलतो, आणि तेवढ्यात एखाद्याला एकट्याला पकडतो.

जोलीन थांबली.

पुकारणंच थांबवलं. मला वाटलं फोन गेला. नाही, छताचा पंखा ऐकू येत होता, एक वासरू हंबरलं, कुणीतरी बूट सरकवला. ती एक शब्द बोलेना. बोल पोरी! मी तोंड उघडलं, सगळा जोर लावला, आणि हवा नेहमीसारखी हनुवटीखालून निघून गेली. कर्टिस आला, माझे ठोके बाहेरच्या पडद्यावर दिसत होते. मी त्याला हाताने थांबवलं. तोही उभा राहिला. दोघं मिळून त्या शांततेला कान लावून.

शेवटी जोलीन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला घाई नाही. ही गुरंही कुठे जात नाहीत."

कुणीतरी खोकलं. मग दुसऱ्या बाजूने, चौघांतला नसलेला एक आवाज चढला. त्याच्यावर चौघांतलाच एक. त्यांची आपसांत मोडली! मग गर्दी उसळली, बोलीवर बोली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "कर्नल, इकडे! कर्नल!"

मी हात वर केला.

कर्टिसने विचारलं, "काही हवंय का?" मी हातानेच नाही म्हटलं. पलीकडे जोलीनने ती बोली घेतली होती. एकवार, दोनवार, आणि हातोडा.

सगळं झाल्यावर व्हर्ना फोनवर म्हणाली, "डेल, ऐकलंस?" मी फोनवर दोनदा नख आपटलं. ती म्हणाली, उद्या वर येते.

नोंद करून ठेवतो, म्हणजे सांगताना विसरणार नाही. पोरगी हळू पुकारते. वाक्याचं शेपूट गिळते. आणि ती शांतता हा शुद्ध मूर्खपणा होता, नशिबाने निभावली. हृष्काच्या गोऱ्ह्यांना एवढा दर मला आजवर कधी आणता आला नव्हता, पण यंदा गुरांनाच तेजी आहे.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

ग्वेनने आज आरसा आणला. आतल्या फुग्याला जोडलेली, हनुवटीखालून लोंबणारी बारीक नळी, तिच्या टोकाचा छोटा फुगा, पिचकारी, सगळं मला दाखवत दाखवत केलं. हवा काढली तेव्हा खोकला आला. मग टोपी. डॉक्टरीणबाई तारेसारखी दुर्बीण नाकातून घालून आवाजाच्या पट्ट्या बघून गेल्या. डावी पट्टी हलत नाही म्हणाल्या. तोंडातली नळी फार दिवस राहिली.

मी लिहिलं, कारण टोपी असूनही ते विचारायला आवाज वापरावासा वाटेना: "पुकारता येईल?"

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. डॉक्टर बसले की मी समजतो. "घरात बोलता येईल. दुकानात बोलता येईल. हळूहळू आणखीही थोडं. पण गर्दीवर चढणारा आवाज परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

व्हर्ना माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत होती. सारखंच होतं ते.

मग तिने जोलीनला फोन लावला आणि माझ्या तोंडाशी धरला. ग्वेनने बजावलं, "एका श्वासात मावेल तेवढंच. जास्त नाही." मी रात्रभर तीन वाक्यं तयार केली होती. पहिलं वेगाबद्दल, दुसरं शेपटाबद्दल, तिसरं शांततेबद्दल. छाटून छाटून एका श्वासाची केली होती.

"बाबा?" जोलीन म्हणाली. "आहात का?"

श्वास घेतला. आला. सोडला. वाट होती.

"तू बोल," मी म्हणालो.

पलीकडे आधी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग ती सुरू झाली. कोण आलं होतं, कोण आलं नाही, पहिल्या कळपाला माइक कसा शिट्टी मारत होता, रे दाराशी उभा राहून कसा सगळ्यांना सांगत होता की मुलीला त्यानेच शिकवलंय. ग्वेनने मधेच टोपी काढून घेतली, फुगा भरला, मशीन लावलं. मी फोन सोडला नाही. जोलीन अजून दुसऱ्याच कळपावर होती.